शेगडी सरळ, होडी तिरकी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. लगेच नाक मुरडू नका. ओट्यावर ठाण मांडून बसणाऱ्या शेगड्यांपैकी मी नव्हे. मी झुलते! माझे घर म्हणजे शिडाची होडी. शिडात वारा भरला की ती एका कुशीवर कलते आणि तासन्‌तास तशीच तिरकी चालते. म्हणून मला घडवणाऱ्या कारागिराने दोन बाजूंना दोन खुंट्या लावून मला टांगले. होडी कितीही कलली तरी मी आपली सरळ. त्याने माझ्यावर काठोकाठ भरलेले भांडे ठेवून मला ढकलून पाहिले होते. एक थेंबही सांडला नाही, तेव्हापासून मी थोडी शेफारलेच आहे.

बावीस वर्षे मी एका जोडप्याच्या होडीवर होते. नवरा घड्याळजी, बायको नर्स. सुट्टी मिळाली की दोघे समुद्रावर. ते वर सुकाणू धरायचे, बाई खाली माझ्यासमोर उभ्या राहायच्या. पाहुणे आले की घड्याळजी मला बोटाने झुलवून दाखवत. एकदाच काय ते सूप सांडले, आणि तेसुद्धा मला जखडून ठेवणारी कडी काढायला ते विसरले म्हणून! बोलणी मात्र मलाच बसली.

मग दोघेही निवृत्त झाले. आता पाच वर्षे समुद्रावरच राहायचे, असे ठरले. प्रश्न एवढाच होता, की हीच होडी न्यायची की दुसरी घ्यायची. होड्यांचा दलाल येऊन माझ्या शेजारच्या बाकावर बसला.

"काका, कॅटामरान घ्या. दोन पोटांची होडी. ग्लासातलं पाणीसुद्धा कलत नाही."

दोन पोटे! मी चक्रावलेच. एका पोटाचे करता करता माझी दमछाक होते, तर दोन पोटांना भूक किती लागत असेल? आणि होडी कलतच नसेल, तर तिथली शेगडी दिवसभर करते काय?

घड्याळजींनी मान हलवली. "आमच्या होडीच्या तळाला शिशाचं वजन आहे. लाटेनं आडवी केली तरी उठून उभी राहते. तुमची उलटली की उलटीच."

"पण हिला खोल पाणी लागतं. कॅटामरान गुडघाभर पाण्यात किनाऱ्याला लागते. आणि जागा बघा ना, घरच आहे!"

"आणि रुंद म्हणून बंदरात भाडंही दोन होड्यांचं."

दोघांनी बाईंकडे पाहिले. त्या हसून म्हणाल्या, "मला काय, दोन्ही चालतील."

मला मात्र खरे माहीत होते. मागच्या वर्षी बाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. माझ्यासमोर होडीच्या लाकडाला एक आडवी दांडी बसवली आहे, स्वयंपाक करणारा माझ्यावर आदळू नये म्हणून. पूर्वी बाई तिला नुसता हात लावायच्या. आता होडी कलली की सगळा भार तिच्यावर टाकायच्या आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. मी सांगणार कशी? आणि खरे सांगू? सांगता आले असते तरी मी गप्पच बसले असते. होडी बदलली की माझी माणसे जाणार होती. ही आपमतलबी गोष्ट मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

एके दिवशी दोघे ती दोन पोटांची होडी चालवून पाहायला गेले. सोबत आमची किटली होती. परतल्यावर मी तिला प्रश्नांनी भंडावून सोडले.

"मला कोणी धरलंसुद्धा नाही," किटली म्हणाली. "टेबलावर ठेवली तशी राहिले. पण खालून लाटा धाडधाड आपटतात गं, कोणी दार ठोठावल्यासारख्या. आणि मधूनच असा हिसका बसतो, की झाकण उडालंच!"

म्हणजे तिथेही सगळे गोड नव्हते तर. मला जरा बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी शेवटचा विचार करायला ते आपल्या होडीतून निघाले. वारा चांगला होता. बाई म्हणाल्या, "अहो, आज सुकाणू मी धरते. चहा तुम्ही करा."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच घड्याळजी चालत्या होडीत माझ्यासमोर उभे राहिले. उभे कसले, लोंबकळले! एक हात दांडीला, दुसरा छताला. किटली धरायला तिसरा आणायचा कुठून? साखरेचा डबा पायाशी लोळत होता. मला हसू आवरेना.

तेवढ्यात त्यांचा हात दांडीवर थबकला. घड्याळजीच ते. जन्मभर त्यांनी झीज वाचली होती. कुठल्या चक्राचा दात का झिजला, कुठली साखळी कोणत्या बाजूने ताणली गेली, हे त्यांना न सांगता कळायचे. त्यांनी खिशातले भिंग डोळ्याला लावले. दांडी एकाच जागी वाकली होती, तिथले स्क्रू लाकडातून वर आले होते, आणि लाकडावरचे ओरखडे ताजे होते.

चहा न करताच ते वर गेले. दार उघडे असल्याने मला सगळे ऐकू येत होते.

"कधीपासून दुखतंय?"

"कुठे काय दुखतंय?"

"दांडी वाकलीय. नुसत्या हातानं वाकत नाही ती."

बाईंनी मग कबूल केले. "ऑपरेशन झाल्यापासून. तुमचा जीव या होडीत अडकलाय, म्हटलं काढीन कशीतरी पाच वर्षं."

"अगं, तू खाली तिरकी उभी राहणार आणि मी वर वारा खात बसणार?" घड्याळजी म्हणाले. "उद्याच दलालाला फोन करतो."

"पण तुम्हाला भीती वाटते ना तिची?"

"वाटते. आपली होडी वाऱ्याच्या मानानं शीड जास्त झालं की कलून सांगते. ती सरळच राहते. तिला किती सोसतंय ते कळतच नाही."

"मग आपण वेळेवर विचारायचं," बाई म्हणाल्या.

महिन्याभरात दोघे दोन पोटांच्या होडीतून निघून गेले. किटलीही गेली. मला वाईट वाटले, अजूनही वाटते. जाण्यापूर्वी घड्याळजींनी नवी दांडी बसवली, माझ्या खुंट्यांना तेल दिले. आता या होडीवर नवे कुटुंब आले आहे. तेही चांगले आहे, फक्त माझी जाळी घासायचा कंटाळा करते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी नेहमी "मला काय, काहीही चालेल" असे म्हणत असेल. त्यांच्या जागी उभे राहून एकदा चहा करून पाहा. चहा नाही झाला तरी चालेल.