ट्रान्झिस्टरचे पाय

मी हल्ली विसरते, म्हणून माझ्या मुलाने, मोहनकुमारने, एकच धोशा लावलाय: होसकोटेचं घर बंद कर आणि आमच्याकडे बेळ्ळंदूरला ये. त्यामुळे नात रंजिता कॉलेजचं सर्किट घेऊन आली तेव्हा मला हुरूप आला. पल्स देणारी असली सर्किटं मी कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासली होती.

दोन ट्रान्झिस्टर, एक चालू झाला की दुसरा बंद, आणि त्यावर एक छोटा दिवा लुकलुकायचा. कपॅसिटर आणि रेझिस्टरच्या मूल्यांवरून पल्सची वेळ मी तोंडी काढली, सेकंदाचा तिसरा हिस्सा. रंजिताने ताडून पाहिली, बरोबर निघाली. मग सोल्डरिंगही मीच केलं. पण दिवा लुकलुकेना, नुसता मंद जळत राहिला.

"अज्जी, पाय उलटे लावलेस."

खरंच की! हात जुन्या ट्रान्झिस्टरच्या क्रमाने चालला होता.

"नव्यांचे पाय उलटे असतात, हे मला कोणी सांगायचं ग?" मी हसले.

ती हसली नाही. "तूच सांगितलंस. आत्ता, चहाच्या आधी."

मला काहीच आठवेना.

"पप्पाला बोलू नकोस."

"सरी, बरं, नाही बोलत," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिने हळूच काढून घेतलं.