गव्हाचं दळण

रस्ता दर निवडणुकीला वीतभर वर यायचा आणि शॉपिंग सेंटर तेवढंच खाली जायचं. विजापूर रोडच्या आतल्या अंगाला, नव्या वसाहतीसाठी म्हणून ते बांधलं तेव्हा दुकानात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता तीन उतराव्या लागतात. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी न विचारता आत येतं. गिऱ्हाईक मात्र वरूनच डोकावतं आणि पुढच्या मोठ्या मार्टात जातं. तिथं गाडी लावायला जागा, आत गार हवा, आणि पीठसुद्धा पिशवीत बांधून ठेवलेलं.

छत्तीस गाळ्यांपैकी तीन उघडत. एकात अजिनाथचं झेरॉक्सचं दुकान. एकात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस, तो आला तर आला. आणि अगदी कोपऱ्यात चंद्रव्वाची पिठाची गिरणी.

चंद्रव्वा अक्कलकोटकडची. नवरा गेल्यावर गिरणी तिनं एकटीनं चालवली, त्याला एकोणीस वर्षं झाली. आधी गाळ्यात दोन गिरण्या होत्या, एक ज्वारीची आणि एक गव्हाची. सणासुदीला डब्यांची रांग झेरॉक्सच्या दारापर्यंत जायची आणि अजिनाथ ओरडायचा, "अक्का, तुमच्या डब्यांची झेरॉक्स काढायची हाय का?" मग वसाहतीतली तरणी माणसं पुण्याला गेली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना पाच किलोचं दळण दीड-दोन महिने पुरू लागलं. एक दिवस तिनं गव्हाची गिरणी विकली आणि उरलेल्या एकीवर दोन्ही धान्यं आली.

एका दगडावर दोन धान्यं म्हणजे एका घरात दोन सवती. गहू दळून झाला तरी थोडा दगडात राहतो, थोडा पीठ खाली सोडणाऱ्या कापडी नळ्यात राहतो. त्यावर तशीच ज्वारी ओतली तर पहिलं पीठ भेसळीचं निघतं. म्हणून चंद्रव्वा मधे घरची ज्वारी फिरवायची, नळा चांगला झोडायची आणि मगच दुसऱ्याच्या धान्याला हात लावायची. याला ती दगड पुसणं म्हणायची. त्यासाठी ज्वारीचा एक डबा तिनं वेगळा ठेवला होता. पुसून निघालेलं पीठ ती घरी न्यायची. धड पोळी नाही, धड भाकरी नाही, असलं काहीतरी ती पाच वर्षं खात आली होती.

गिरणी टिकली होती ती बजाबाईमुळं. बजाबाई कडक भाकरी करून विकायची. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर वाळवायची. पापडासारखी मोडणारी ती भाकरी महिनाभर टिकते. तिची खोकी पुण्याच्या दुकानांत जात. ज्वारी ती मंगळवेढ्याहून स्वतः पारखून आणायची आणि आठवड्याला दोन पोती चंद्रव्वाकडं दळायला टाकायची. वसाहतीतले गव्हाचे सहा-सात डबे म्हणजे ताटातलं मीठ. जेवण बजाबाईचं. तिचं दळण गेलं तर गिरणी महिनाभरसुद्धा चालणार नाही, हे चंद्रव्वाला ठाऊक होतं आणि बजाबाईलाही.

त्या मंगळवारी बजाबाई रिक्षातून उतरली ती तोंड आवळूनच. रिक्षावाल्यानं पोतं आत आणून टाकलं. तिनं पिशवीतून एक भाकरी काढून चंद्रव्वाच्या हातात दिली.

"मोड."

चंद्रव्वानं मोडायला घेतली. भाकरी वाकली. तिनं उलटी धरून पुन्हा मोडली, तर तिकडंही वाकली.

"चामड्यागत झालीया गं."

"चप्पल शिवून घे तिची. पुण्याचा दुकानदार फोनवर असंच म्हनला. चार खोकी परत पाठवली त्यानं. बावीस वर्सांत एक खोकं परत आलं न्हवतं माझं."

"जवारी बदलली का?"

"जवारी तीच, पाणी तेच, तवा तोच. बदललंय ते सुकन्याचं ध्यान." सुकन्या म्हणजे बजाबाईकडं आठ वर्षं भाकऱ्या थापणारी बाई. "फोन कानाला लावून भाजती. वाळवायच्या टायमाला आच कमी केली आसंल. हात गेला तिचा. सांगून टाकलं, शनवारपातूर ये, मग दुसरं घर बघ."

"कवाच्या पिठाच्या ह्या?"

"गेल्या आठवड्यातल्या सोमवारच्या." बजाबाई पोत्यावर टेकली. "दिग्विजय तर मागंच लागलाय, घरात चक्की घेऊ म्हणून. मी म्हनलं, चंद्रव्वा हाय तवर न्हाय."

बजाबाई गेल्यावरही चंद्रव्वा ती भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

तो सोमवार तिला चांगला आठवत होता. वीज अकराला आली. आधी वसाहतीतल्या वैजयंतीबाईंचा गहू दळला. मग बजाबाईचं पोतं. दगड पुसायचा डबा उघडला तर रिकामा. आदल्या दिवशीच संपला होता. गुडघा ठणकत होता. एक दिवस चालतंय की, असं ती स्वतःशी म्हणाली होती आणि पोत्याचं तोंड सोडलं होतं. नळासुद्धा झोडला नव्हता. गव्हाचा चिकटपणा त्या भाकरीत उतरला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं अजिनाथला सांगितलं. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. तो खुर्चीत रेलून ऐकत होता.

"कुणाला बोललात का हे?"

"तुलाच."

"मग गप बसा. सुकन्याला धा घरं मिळतील भाकऱ्या करायला. तुमाला दुसरी बजाबाई मिळणार न्हाय."

"व्हय की," चंद्रव्वा म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं बजाबाईचं नवं पोतं दळलं. दगड पुसून, नळा झोडून, दोनदा.

गुरुवारी पीठ न्यायला सुकन्या आली. रडून वगैरे आली नव्हती. उलट थट्टाच करत आत शिरली.

"अक्का, शेवटचं दळण न्यायला आले बरं का. हात गेला म्हनत्यात माझा. हितंच तर हाय बघा, मनगटाला."

चंद्रव्वाला हसू आलं नाही. सुकन्यानं पोत्यात हात घातला, पीठ चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं.

"हे झाक हाय. त्या दिवशीचं थापताना मागं ओढत हुतं. पसरायचंच न्हाय. मला वाटलं माझंच मनगट धरलंय. शेकलं बी घरी जाऊन, मिठाच्या पुरचुंडीनं." तिनं हात झटकले. "आसंल बाई, माझंच कायतरी चुकलं आसंल."

चंद्रव्वानं गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"दम धर," ती म्हणाली. "चप्पल घालते."

"तुमी कुटं?"

"तुझ्यासंगं."

बजाबाईच्या घरात पुढच्या खोलीत खोकी रचली होती. परत आलेली चार वेगळी, भिंतीकडं तोंड करून ठेवल्यासारखी. बजाबाई सुपात ज्वारी पाखडत होती आणि तिचा मुलगा दिग्विजय फोनवर कुठल्या तरी यंत्राची चित्रं बघत होता. चंद्रव्वा बसली नाही. उंबऱ्याच्या आत येऊन तिनं एका दमात सांगून टाकलं.

"मागल्या सोमवारी गव्हावरच तुझी जवारी ओतली मी. दगड पुसला न्हाय. पोरीचा हात चांगला हाय."

सूप थांबलं.

"बघ आई," दिग्विजय म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"तू गप रे." बजाबाई चंद्रव्वाकडं बघत राहिली. "मंगळवारी का न्हाय बोललीस?"

"नवं पोतं दिसलं दारात."

बजाबाईनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग सुकन्याकडं न बघताच म्हणाली, "तू काय हुबी ऱ्हायलीस? तवा बघ जा, जळतोय."

"जळत न्हाय. गॅस बंद करून गेलते मी."

"मग लाव जा."

सुकन्या आत गेली. शनिवारचा विषय तिथंच संपला. पुन्हा कुणी तो काढला नाही.

"खोकी भरून देते मी," चंद्रव्वा म्हणाली. "दळणात वळती कर."

"खोक्यांचं सोड. एकदा इसरलीस, परत इसरशील. तुझं वय झालं, माझं बी झालंय. आपल्या ध्यानावर आता दुकान चालवायचं न्हाय." बजाबाईनं सूप खाली ठेवलं. "एक सांगते. तुझ्या दगडावर गहू नको. एक दाना नको. जवारीच दळ."

"आन् त्ये डबे?"

"किती हायत?"

"सात. आठ कवा कवा."

"सात डब्यांपायी मी खोकी परत घेऊ व्हय?"

"म्हातारी माणसं हायत गं वसाहतीतली."

"मार्टात पीठ मिळतंय की त्यास्नी. तू काय त्यांची आई हायस?"

"दिवाळीपर्यंत बघू," दिग्विजय मधेच म्हणाला. "त्यानंतर मशीन येणारच आहे, मावशी. आधीच सांगून ठेवतो."

चंद्रव्वानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसतीच हलली होती, हे तिलाही नीट कळलं नाही. पण बजाबाईनं हो म्हणूनच घेतली.

शुक्रवारी साडेदहाला वैजयंतीबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. चाकाच्या पिशवीत गव्हाचा डबा, हातात छत्री. डबा नेहमीच्या जागी ठेवून त्या म्हणाल्या, "जरा बारीक दळ हं. आरोही आलीय पुण्याहून. तिला मार्टच्या पिठाच्या पोळ्या आवडत नाहीत, आजीच्याच हव्यात."

चंद्रव्वाच्या मागं गिरणी चालू होती. खोक्यांची भरपाई म्हणून बजाबाईनं जादा पाठवलेल्या दोन पोत्यांतली ज्वारी पडत होती.

"बाई, गहू बंद केला."

"काय?"

"गहू बंद केला म्हनलं. आता नुसती जवारी."

वैजयंतीबाईंनी चालू गिरणीकडं पाहिलं, मग चंद्रव्वाकडं. "अगं पण दोन किलो तर आहे. थांबते मी."

"दोन किलो बी न्हाय जमायचं, बाई."

"माझ्याकडून काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकायचं? माझंच चुकलं." पुढचं सांगायला ती लागणार होती, पण गिरणीच्या आवाजात तेवढं मोठ्यानं सांगण्याची तिच्यात ताकद नव्हती. "रस्त्याच्या पल्याड हाय की गिरणी. देवळाच्या मागं. चांगलं दळतो तो."

"तो रस्ता मला ओलांडता येत नाही, म्हणून तर इथं येते मी."

त्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत. वर्गातल्या पोरानं उत्तर चुकवल्यावर बघावं तसं बघत राहिल्या. थोड्या वेळानं अजिनाथ दुकानातून उठून आला. त्यानं दाराशी उभं राहून सगळं ऐकलंच होतं. काही न विचारता त्यानं डबा उचलला.

"चला बाई, मी दळून आणून देतो. नातीला सांगा, दुपारी पोळ्या."

जाताना वैजयंतीबाईंनी पिशवीतून एक कागद काढला; पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा असावा. "याची झेरॉक्स काढायची होती रे."

"माझं मशीन अजून चालू केलं न्हाय. तिकडंच काढून आणतो की, देवळापाशी. दुकान हाय तितं," अजिनाथ म्हणाला आणि डबा खांद्यावर घेऊन चालू लागला.

दुपारपर्यंत आणखी दोन डबे आले. चंद्रव्वानं दोघांनाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तर तिला सांगावंही लागलं नाही, अजिनाथनंच आपल्या दारातून हात हलवला, "गव्हाचं बंद झालं, मामा." तो माणूस आतसुद्धा आला नाही.

चारच्या सुमारास अजिनाथ कोपऱ्यात आला आणि गिरणीच्या दाराला टेकून उभा राहिला.

"अक्का, सोमवारपासनं मी सकाळी येत न्हाय. बारानंतर येतो. दळणाला आलेलीच माणसं माझ्याकडं वळायची."

"रागावलास का?"

"न्हाय ओ. तुमी बोललात ते बरं केलंत. मी गप बसा म्हनलं हुतं, ते इसरा." तो तिथंच घुटमळला. "दिवाळीनंतर काय करनार?"

पहिलं पोतं संपत आलं होतं आणि दगड रिकामा फिरू द्यायचा नसतो. चंद्रव्वानं दुसऱ्या पोत्याची सुतळी ओढली. गाठ निघाली नाही. अजिनाथ आत आला, वाकला, गाठ सोडली, आणि दोघांनी मिळून पोतं वर उचललं.