हात रिकामे

पुंजाजीच्या हातून बैल मेला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. वखरता वखरता बैल शेतातच बसला आणि काही केल्या उठेना. पुंजाजीने शिव्या दिल्या, शेपूट पिरगाळलं, मग जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी, उपसून बैलाच्या कपाळावर घातली. नाकातून रक्त यायला लागलं तरी त्याचा हात थांबला नाही. दिवस मावळायच्या आत बैल गेला. तो बैल गोजरबाईने, त्याच्या बायकोने, वासरू असल्यापासून वाढवला होता. ती आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

त्यानंतर पुंजाजीने स्वतःला एक नियम घालून घेतला. राग आला की आधी हात रिकामे करायचे. हातात जे असेल ते लांब फेकायचं, मगच तोंड उघडायचं. चोवीस वर्षं त्याने तो पाळला. रागाच्या भरात त्याने जेवणाचं ताट अंगणात भिरकावलं, एकदा दुधाची भरली कॅन पालथी केली, पण माणसावर किंवा जनावरावर हात उचलला नाही. वरवट बकाल गावात लोक हसायचे. तो म्हणायचा, "हासा लेकहो. पण मारामारी तरी नाही ना करत मी?"

यंदाच्या एप्रिलमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास, तो शेतात बाभळीच्या फांद्या तोडत होता. गोजरबाई पलीकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत होती. शेजारचं वावर त्याच्या चुलतभावाचं. भाऊ वारला, आता त्याचा मुलगा भागवत ते कसत होता. भागवतचा ट्रॅक्टर नांगरत नांगरत आला आणि दोन्ही वावरांमधला बांध, धुरा, फोडून पुंजाजीच्या वावरात दोन हात आत घुसला.

"भागवत! धुरा काऊन फोडून राह्यला बे?"

भागवत ट्रॅक्टरवरून उतरला. "माह्या बापाची जागा आहे ते, काका. इतकी वर्षं तुम्ही दाबून बसले."

पुंजाजी भडकला. हातात कुऱ्हाड होती. त्याने ती धुऱ्याकडे फेकली आणि मग तोंड उघडलं.

"तुह्या बापानंच दारूच्या बाटलीपायी धुऱ्याचे दगड सरकवून हे जागा मले देली. तसाच सडून मेला तो."

भागवतने त्याच्या थोबाडीत मारली. पुंजाजी कोलमडला. भागवतचं लक्ष कुऱ्हाडीकडे गेलं. ती त्याच्यापासून चारच पावलांवर होती.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड तुटल्याचा आवाज पुंजाजीने स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरा चुकवायला त्याने हात वर केला, तर पातं कोपराखाली रुतलं. ओरडत गोजरबाई धावत आली. धुऱ्यावरचा दगड उचलून तिने भागवतच्या मनगटावर हाणला, एकदा, दोनदा. कुऱ्हाड सुटली. तिसऱ्यांदा दगड त्याच्या तोंडावर बसला, दात पडले. तो गुडघ्यावर आला, तरी ती मारतच राहिली.

"गोजर, सोड! मरन तो!"

"मरू द्या!"

पुंजाजीने धड राहिलेला डावा हात पुढे करून कुऱ्हाड ओढून घेतली. भागवतची मान त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे फक्त ती मान होती. मग त्याने सगळा जोर लावून कुऱ्हाड धुऱ्यालगतच्या विहिरीत फेकली आणि तिथेच त्याची शुद्ध हरपली.

गावकऱ्यांनी दोघांनाही एकाच गाडीत घालून अकोल्याला नेलं. पुंजाजीचा उजवा हात वाचला, पण बोटं वळेनात. भागवत दवाखान्यातून थेट तुरुंगात गेला.

महिन्याने पुंजाजी घरी आला, तेव्हा गोजरबाई त्याला भरवत होती. घास पुढे करता करता ती म्हणाली, "तुमच्या नियमानं मले विधवा केली असती."

"कुऱ्हाड माह्या हातात राहती तर भागवत मेला असता. मी जेलात असतो."

"मी आले असते भेटायले."

पुंजाजीने डाव्या हाताने घास बाजूला सारला आणि म्हणाला, "हात रिकामे केले, गोजर. तोंड नाही केलं. त्याच्या मेल्या बापाले बोललो मी."

"बोलले तं काय झालं? बोलण्यानं मान तुटत नाही."

"तुटायची राह्यली फक्त."

दुसऱ्या दिवशी भागवतची बायको काजल आली. तिच्यासोबत लहान मुलगी होती. काजल दारातच उभी राहिली. "काका, केस मागं घ्या ना."

गोजरबाई ताडकन उठली. "त्यानं दोन घाव घातले याहिले! चालती हो."

पुंजाजीने हाताने गोजरबाईला थांबवलं. "काजल, केस माह्या हातात नाही. सरकार चालवते ते. पण मी कोर्टात खरं सांगीन. घाव त्यानंच घातले, ते सांगीन. पयले घाण मी बोललो, तेही सांगीन. गोजरनं दगड मारले, तेही."

"मले कायले मधात आणता?" गोजरबाई चिडली.

"तू नसती तं मी मेलो असतो. तेही सांगीन."

काजल रडू लागली. लहान मुलगी पुंजाजीच्या बांधलेल्या हाताकडे टक लावून पाहत होती. गोजरबाई आत गेली, पाण्याचा तांब्या आणला आणि काजलपुढे ठेवला.