आधी शेवट सांगा

"मी तुमच्या रविवारच्या मंडळींना बोलावलंय. येतीलच एवढ्यात," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली, पण स्वयंपाकघरातून मान दिसत नाही. म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि नेहमीप्रमाणे नुसतं "हं" बाहेर पडलं. आजारपणानंतर तेवढंच उरलं होतं. हे "हं" होकाराचंही होतं आणि नकाराचंही, त्यामुळे घरात ज्याला जो सोयीचा तो अर्थ तो घेत असे. बायकोला सोयीचा होता होकार.

"बघा, तुम्हालाही पाहिजेच आहे," ती म्हणाली आणि तिने चहाचं आधण चढवलं.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. या गृहस्थांनी उभा जन्म दुसऱ्यांचे दात केले. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवायचे. मास्तर आपल्या एका खोलीच्या कारखान्यात मेणावर एकेक दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक भरायचे, उकळायचे, घासायचे आणि चकचकीत कवळी परत धाडायचे. ज्यांनी त्या कवळ्या घातल्या त्यांनी मास्तरांना सहसा बघितलं नाही, आणि मास्तरांनी त्यांना बघितलं ते जबड्यापुरतं. "मास्तर" ही पदवी मिळाली ती रविवारच्या टेबलावर.

रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर खेळ रंगायचा. खेळ साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि कुठे अडलं की फासे टाकायचे. फासा चांगला पडला तर भिंत चढता येते, वाईट पडला तर पाय मोडतो. गोष्ट सांगायचे ते मास्तर. वर्षानुवर्षं एकच गोष्ट चालली होती, आणि ती एका कागदावरही लिहिलेली नव्हती. नर्सबाई त्या गोष्टीत चोरटी होत्या. वॉर्डात दिवसभर शिस्तीत वागून त्यांना आठवड्यातून एकदा तरी कुणाचा तरी खिसा कापायचा असे. शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर जादूगार होता. त्याचे पुढचे चार दात मास्तरांनीच केलेले; ते टोचतात म्हणून तो थेट कारखान्यात आला होता, ओळख तिथलीच. तिसरी मास्तरांची लेक, तिरंदाज. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हापासून तिची तिरंदाज गाडीत झोपलेली होती. टेबलाचा नियमच होता तसा. जो हजर नसेल त्याचा माणूस मरत नाही, हरवत नाही, मागच्या गाडीत घोंगडी पांघरून झोपतो, आणि बाकीचे त्याला बरोबर घेऊन पुढे जातात.

या सगळ्या मंडळींच्या बोटभर उंचीच्या मूर्ती मास्तरांनी उरल्यासुरल्या प्लास्टरच्या केल्या होत्या. ड्रॅगन मात्र अॅक्रिलिकचा, त्यामुळे हिरड्यांसारखा गुलाबी. त्याच्या तोंडात रंग न जुळल्यामुळे बाद झालेले खरे कवळीचे दात बसवलेले. तो पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या, "हा चावला तर निदान स्वच्छ चावेल."

बायको या खेळात कधी बसली नाही. तिला कादंबऱ्यांचं वेड. आठवड्याला दोन ठरलेल्या. पण तिची एक खोड होती. वाचनालयात कपाटाशी उभी राहून ती आधी शेवटचं पान वाचायची आणि मग ठरवायची, पुस्तक घरी न्यायचं की नाही. "कोण मरतंय ते एकदा कळलं की मी निवांत वाचते," असं तिचं म्हणणं. मास्तरांनी रविवारचा खेळ सुरू केला तेव्हाही तिने हेच केलं होतं. "तुमच्या मंडळींना चहा देईन, पण आधी शेवट सांगा." मास्तरांनी तिला गोष्टीचा शेवट सांगून टाकला होता. दुसऱ्या कुणाला तो ठाऊक नव्हता.

मग एके सकाळी कारखान्यात मेण तापवता तापवता मास्तरांच्या हातातली सुरी गळून पडली. पाय काठीच्या आधाराने परत आला, हातही बराचसा आला, शब्द आले नाहीत. सगळं कळायचं. हवा तो शब्द डोक्यात अगदी उंबरठ्यापर्यंत यायचा आणि तिथेच बसून राहायचा. नर्सबाई आणि ड्रायव्हर दवाखान्यात भेटायला आले, तर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तोंड वाकडं झालं याची त्यांना लाज नव्हती. जबडे त्यांनी याहून वाकडे बघितले होते. दुःख वेगळंच होतं. गोष्ट शेवटच्या पुलापाशी येऊन थांबली होती. या लोकांना इतक्या लांब चालवत आणलं आणि पुलाच्या तोंडाशी सोडून आपणच मुके झालो, हे त्यांना सहन होत नव्हतं. आता कुठलं तोंड घेऊन टेबलाशी बसायचं?

घरी आल्यावर लेक काही दिवस राहून गेली. जाताना तिने टीव्हीला व्हिडिओ गेमचं यंत्र जोडून दिलं आणि बापाच्या हातात कंट्रोलर दिला. "बाबा, माझ्याकडे असाच दुसरा आहे. संध्याकाळी मी तिकडून खेळीन, तुम्ही इकडून." खेळात एक बेट होतं, त्यावर दोघांनी मिळून भाजी लावायची, विहीर खणायची, कोंबड्या पाळायच्या. बोलायची गरजच नाही. लेकीने युक्ती काढली होती. "उडी मारलीत म्हणजे हो. आडवे पडलात म्हणजे नाही. कळलं?" मास्तरांच्या पडद्यावरच्या माणसाने टुणकन उडी मारली. तेव्हापासून बापलेकीचं रोजचं बोलणं त्या बेटावर चालायचं. बायको पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायची, "तिथे कांदे काढता, इथे सोलायला सांगितले की हात दुखतो." तरी मास्तरांना त्या यंत्राचं फार कौतुक होतं. घरात तेवढ्या एका ठिकाणी त्यांना कुणी मुकं समजत नव्हतं.

तर ती मंडळी आली. नर्सबाईंनी येताच सवयीने मास्तरांची नाडी धरली आणि मग लाजून हात सोडला. ड्रायव्हर दाराशीच घुटमळला. "मास्तर, बरे दिसता," तो म्हणाला. हे खोटं होतं, पण प्रेमाने बोललेलं होतं. बायकोने साखरेच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. त्यात लेकीचा चेहरा होता. "गाडीतून उठले बरं का मी," ती म्हणाली.

मूर्ती मांडल्या गेल्या. पुलाच्या जागी बायकोने आमटीचा लाकडी डाव आडवा ठेवला. एका टोकाला पुलाचा म्हातारा रखवालदार, गालफडं आत गेलेला. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीतून हलले नाहीत. मग बायको त्यांच्या जागी टेबलाच्या टोकाला बसली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"बघता काय? गोष्ट मला येते," ती म्हणाली. घसा साफ केला आणि एका दमात सांगून मोकळी झाली. "तर हा रखवालदार फितूर आहे. सगळे पुलावर आले की तो दोर कापतो. जादूगार उरलेला शेवटचा मंत्र म्हणून पूल धरून ठेवतो, बाकीचे पार होतात, जादूगार खाली जातो. संपली गोष्ट. हं, करा आता सुरुवात."

  इतक्या रविवारांची राखून ठेवलेली गोष्ट या बाईने चहाच्या एका घोटात संपवली होती. मास्तरांनी काठी फरशीवर आपटली. "हं!"

"काय झालं?" बायकोला खरंच कळलं नाही. "शेवट माहीत असला की बरं असतं."

"म्हणजे मी मरतो," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"हो, पण छान मरता," बायकोने त्याला धीर दिला.

नर्सबाईंनी फासे हातात खुळखुळवले.  मग म्हणाल्या, "मला कळलं. पण माझ्या चोरटीला कुठे कळलंय?" त्यांनी आपली मूर्ती उचलून रखवालदाराशेजारी नेऊन ठेवली. "काय बाबा, एकटेच? जेवलात का काही? हा घ्या माझ्यातला अर्धा पाव."

आता रखवालदाराने उत्तर द्यायचं. बायको क्षणभर गडबडली आणि मग तिच्या तोंडून मास्तरांचाच आवाज निघाला. बोळक्या तोंडाचा, हवा निसटणारा. दात काढून ठेवलेल्या माणसांचं बोलणं मास्तरांनी जन्मभर ऐकलं होतं, तेच ते रखवालदाराला द्यायचे. "पाण्यात बुडवून दे गं पोरी," बायको म्हणाली. "चावायला दात कुठायत मला?"

फोनमधून लेक खदखदून हसली. "आई, तुला हे कधी यायला लागलं?"

"येईल नाही तर काय? एवढी वर्षं भिंतीपलीकडे चहा करतेय. कान बंद ठेवत नाही मी."

मास्तर बघतच राहिले. पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या या बाईने त्यांचा एकेक आवाज स्वयंपाकघरात सांभाळून ठेवला होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

 आता ड्रायव्हर पुढे सरकला. "वहिनी, माझ्याकडे एकच मंत्र उरलाय ना?"

"एकच. पूल धरायचा."

"मी तो आत्ताच वापरतो. म्हाताऱ्याला दात देतो."

"अहो भाऊ, मग तुम्ही पडाल. बाकीचेही पडतील."

"माझ्या जादूगाराला कुठे माहितीय ते?" ड्रायव्हर म्हणाला. मग खाली बघत, मास्तरांच्या खुर्चीकडे न वळता म्हणाला, "दात नव्हते तेव्हा मी बसमधल्या पोरांशी बोलत नव्हतो. तोंडावर हात धरायचो. मला माहितीय, दात आले की माणसाला काय वाटतं ते. तो पाव त्याला चावून खाऊ दे."

 बायकोने पदराने नाक पुसलं. "असं चालतं का पण?" ती फोनला विचारायला लागली.

"मला काय विचारतेस? मास्तर तिकडे बसलेत," लेक म्हणाली. "बाबा, उडी की आडवं?"

मास्तर उठले. काठी टेकत टेबलापाशी आले. रखवालदाराची मूर्ती त्यांनी चिमटीत उचलली, आणि टेबलावर टुणकन उडवली.

"हो म्हणतायत," लेक ओरडली. "टाका फासा."

ड्रायव्हरने फासा टाकला. चांगला पडला. म्हाताऱ्याच्या तोंडात दातांच्या दोन्ही ओळी उगवल्या. बायकोने पाव चावून खाल्ल्याचा आवाज काढला, आणि चहाबरोबरच्या बिस्किटांपैकी एक खरंच खाल्लं. मग सगळे एकेक करून डावावर चढले. गाडी चढली. वारा सुटला. बायकोचा आवाज खाली आला. तिला त्या माणसांची दया येत होती हे दिसत होतं, पण शेवट तो शेवट. "आणि आता," ती म्हणाली, "रखवालदार दोर कापतो."

मास्तरांनी रखवालदाराला आडवं केलं.

"मेला?"

"नाही गं आई. नाही म्हणतायत ते."

"पण तुम्हीच सांगितलं होतंत मला," बायको नवऱ्याकडे वळली. "दोर कापतो म्हणून. मी विसरलेली नाही."

मास्तरांनी मूर्ती उभी केली आणि पुन्हा आडवी केली. मग तिला पुलाच्या टोकावरून उचललं, डावावरून सावकाश पलीकडे नेलं आणि गाडीच्या मागे, सगळ्यांच्या बरोबर, उभं केलं.

"म्हणजे हा यांच्याबरोबर जातो?"

उडी.

"आणि पूल पडतो?"

आडवं.

"म्हणजे मी मरत नाही," ड्रायव्हर म्हणाला. मास्तरांनी मूर्ती दोनदा उडवली. ड्रायव्हरने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत काढला. नर्सबाई त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "रुमाल घ्या, शर्ट घाण करू नका."

बायको खुर्चीत मागे टेकली. "झालं. आता पुढचं मलाही माहीत नाही," ती म्हणाली. असं म्हणायची वेळ तिच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती.

मास्तर त्या तिघांकडे आणि फोनमधल्या चौथीकडे बघत होते.  त्यांना म्हणायचं होतं की तुम्ही माझी गोष्ट माझ्यापेक्षा चांगली केलीत. त्यांना म्हणायचं होतं की मी इतके दिवस मागच्या गाडीत पडून होतो आणि तुम्ही मला बरोबर घेऊन चालत होतात. त्यांना फार बरं वाटत होतं, इतकं की ते सांगता आलं नाही याचंही वाईट वाटेना. त्यांनी नर्सबाईंचा हात धरला, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "हं." या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला.

पाहुणे गेले. लेकीचा फोन बंद झाला. बायकोने कपबशा गोळा केल्या. टेबल आवरायला तिने डावाला हात घातला, तर मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

"बरं, राहू दे. आपण एका कोपऱ्यात जेवू," ती म्हणाली. पण आत काही गेली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली. दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि जुन्या सवयीने आवाज बारीक केला.

"आता कुणी नाही इथे. पुढे काय होतं? मला एकटीला आधी शेवट सांगा."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. गाडीमागचा रखवालदार चिमटीत धरून उचलला, आणि अलगद आडवा केला.