आयुधपूजेतला स्क्रू ड्रायव्हर

आयुधपूजेच्या दिवशी आमच्या घरात साधी कात्री मागितली, तरी सासूबाई माझ्याकडे अशा बघतात जणू मी त्यांची किडनीच मागितली. सकाळी सातला सगळी हत्यारं, आप्पांचं म्हणजे सासऱ्यांचं पेन, पुस्तकं, वह्या देवापुढं मांडायच्या, चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा होईपर्यंत कशालाही बोट लावायचं नाही. माझे वडील इचलकरंजीला खंडेनवमीला मागाला हार घालायचे, नारळ फोडायचे आणि दुपारी खटखट सुरू. पण मी पडले तंजावरच्या मराठी घराण्यात, तेही चेन्नईत येऊन. इथं देव सुट्टीवर गेलेल्या हत्यारांना एक दिवस जास्त देतो.

एरवी मी कुरकुर केली असती आणि सुंडलची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी घेऊन गप्प बसले असते. पण त्या दिवशी दुपारी चार वाजता विश्वेशची परीक्षा होती.

विश्वेश म्हणजे माझा दीर, सव्वीस वर्षांचा. त्याचे स्नायू लहानपणापासून हळूहळू ढिले पडत चाललेत. आता बोटं जेमतेम हलतात, हात कोपरापासून उचलत नाही. डोकं मात्र असं तल्लख, की त्याच्याशी भांडायचं तर आधी तयारी करून यावं लागतं. सिंगापूरच्या एका कंपनीला घरबसल्या गेम तपासणारा माणूस हवा होता. गेम खेळायचा, कुठं चुकतो ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. लेखी फेरी त्यानं पार केली होती. आता चाळीस मिनिटं त्यांच्यासमोर खेळून दाखवायचं होतं. हातांबद्दल त्यानं त्यांना काही कळवलं नव्हतं. "आधी काम बघू दे अण्णी, मग हात बघतील," म्हणाला. अण्णी म्हणजे वहिनी, मी.

तो खेळायचा मी केलेल्या बॉक्सवर. मी अंबत्तूर इस्टेटमध्ये लिफ्टचे पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग करते. कन्सोलचा कंट्रोलर उघडून त्याच्या एकेका बटणाच्या जागी मी वायर जोडली, त्या वायरी मागच्या फटीतून एका प्लास्टिकच्या डब्यात आणल्या आणि वर पाच मोठी, हलकी बटणं बसवली. नुसती बोटाची मागची बाजू टेकली तरी दाबली जातात. पाचवं त्याच्या हनुवटीखाली येतं.

दहा वाजता त्यानं सराव सुरू केला आणि मला हाक मारली. "अण्णी, जरा या."

स्क्रीनवरचा माणूस भिंतीवर धडका देत होता. डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. विश्वेशचे दोन्ही हात मांडीवर होते.

माझा पहिला संशय माझ्यावरच. कारण परवाच मी ती डावीकडची वायर बदलली होती. ड्यूटीवरून आले होते, घाईत कथिलाचा सोल्डर मारला, वरून स्लीव्ह, म्हणजे झाकायची प्लास्टिकची नळी, चढवायची राहिली. उद्या करू म्हटलं. आणि मागच्या वर्षी त्याचा पहिला कन्सोल मीच जाळला होता. चुकीच्या जागी वायर लावली, बारीकसा धूर निघाला आणि संपलं. आठ महिने तो भिंतीकडं बघत बसला होता. मला म्हणाला, "परवा नाही अण्णी." म्हणजे, असू दे. त्या 'परवा नाही'नं मी आजपर्यंत नीट झोपलेली नाही.

"मीटर लावून बघते, पाच मिनिटांत होतंय," मी म्हटलं आणि उठले. दोन पावलं गेले आणि आठवलं. मीटर, सोल्डरिंगचं आयर्न, स्क्रू ड्रायव्हरचा संच, सगळं देवापुढं कपाळाला कुंकू लावून बसलं होतं.

सासूबाई, म्हणजे कनकाम्मा, दारातच उभ्या. मी सगळं समजावून सांगितलं. अगदी गोड आवाजात, जो मला शोभत नाही.

"वेंडाम मा, नको," त्या म्हणाल्या. "पूजेतलं काढू नये. एक दिवस तेवढं थांब की."

"अम्मा, कंपनी सिंगापूरची आहे. त्यांना कसली आयुधपूजा!"

"देवास ठाव आहे त्याची परीक्षा. मी सांगितलेय त्यास." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

नवऱ्याला फोन लावला. वेंकट रेल्वेत गार्ड आहे, सणाला नेमकी त्याची एग्मोरला ड्यूटी. मागं गाडीची घोषणा चालली होती. "अम्माला विचार," म्हणाला. अहो, अम्माला विचारूनच तर फोन केला! ठेवून दिला.

खाली राममूर्तींचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. दारात केळीचे खुंट, रस्त्यावर कुंकू फासलेला फुटका कोहळा, शटर अर्धं खाली. ते चुरमुरे खात बसले होते. "स्क्रू ड्रायव्हर? माझाही पूजेत आहे की मा. उद्या ये." पुढची दोन दुकानं बंद. सबंध अंबत्तूर इस्टेटमध्ये हजारो स्क्रू ड्रायव्हर असतील आणि त्या दिवशी एकही जागा नव्हता. माझं डोकं फिरलं.

मग बिनहत्याराचं जे जमेल ते सुरू केलं. केबल बदलली. कन्सोल बंद करून पुन्हा चालू केला. दुसरा साधा कंट्रोलर जोडून बघितला, त्यावर माणूस शहाण्यासारखा उभा राहिला. म्हणजे कन्सोल ठीक, दोष माझ्या डब्यात. डब्याचे चार स्क्रू मी हौसेनं खोल भोकांत बसवलेले, दिसायला छान म्हणून. सुरीचं टोक घातलं, तर सुरी वाकली. नेलकटर घातलं, ते पोचेना. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला.

विश्वेश मात्र गप्प बसून मोजत होता. "अण्णी, लिहून घ्या. अकरा वाजता, एका मिनिटात चाळीस वेळा डावीकडे."

"मोजून काय उजेड पडणार आहे?"

"लिहा तर."

बाराला बावीस झाले. एकला नऊ. मला जरा धीर आला, म्हटलं देव पावला वाटतं. आणि तेवढ्यात मीच शहाणपणा केला. बटणांच्या कडेला धूळ असेल म्हणून ओल्या फडक्यानं डबा खसाखसा पुसला, मागची फटसुद्धा. पुन्हा मोजलं तर पस्तीस.

मी तिथंच फरशीवर बसले. "माझंच चुकलं विश्वेश. माझा सोल्डर सुटलाय. मी परत तुझं वाटोळं केलं."

त्यानं वर पंख्याकडं बघितलं. मग म्हणाला, "अण्णी, पंखा सकाळपासून चालू आहे. चाळीस, बावीस, नऊ. तुम्ही पाणी लावलं, पस्तीस. सोल्डर असा वाळत नाही. आत काहीतरी ओलं आहे."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. साडेतीन तास मी उड्या मारत होते आणि या पोरानं खुर्चीत बसून दोष पकडला होता.

"ओलं कुठून येणार? डबा पॅक आहे. मागं वायरींची फट आहे तेवढीच."

"त्या फटीला नाक लावा."

लावलं. घरभर सकाळपासून चंदनाचा वास होता, म्हणून वेगळं काही जाणवलं नव्हतं. पण नाक अगदी टेकवलं तेव्हा कळलं. डब्याच्या आतून चंदन येत होतं.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. सकाळीच मी बजावलं होतं, सगळ्यांची पूजा करा, या डब्याला हात लावू नका. आणि मी आंघोळीला गेल्यावर सासूबाईंनी दिसू नये म्हणून मागच्या फटीतून बोट घालून आत टिळा लावला! तो ओघळला असणार माझ्या उघड्या टोकांवर, दोन पिनांच्या मधोमध, आणि ओलं असेपर्यंत बटण न दाबताच दाबल्यासारखं होत होतं. मी उठलेच, की जाऊन विचारते, आता विचारतेच.

"अण्णी, बसा." विश्वेशचा आवाज असा कधी येत नाही. "अम्माला सांगायचं नाही."

"का नाही? दीड वाजून गेलाय! तुझी नोकरी..."

"मला दहा वाजताच शंका आलेली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता. आधी खात्री करायची होती." तो थांबला. बोलताना त्याला मधेमधे श्वास घ्यावा लागतो. "आप्पांचं पेन असायचं पूजेत. वेंकटअण्णाची जुनी शिट्टी, झेंडे. तुमचं मीटर. लहान होतो तेव्हा माझी पुस्तकं असायची. कॉलेज सुटलं, त्यानंतर नऊ वर्षं माझं तिथं काहीच नाही. अम्मा दर वर्षी मांडताना माझ्याकडं बघायची नाही. या वर्षी पहिल्यांदा तिला माझं आयुध मिळालंय. तिनं ते खराब केलं असं कळलं तर ती मरेल अण्णी."

मी राग गिळला. सोपं नव्हतं, मला राग गिळायची सवय नाही.

दोन वाजता कनकाम्मा आडव्या झाल्या. सव्वादोनला मी अनवाणी देवापुढं गेले. जन्मात चोरी केली नाही, आणि पहिली केली ती देवाच्या नाकासमोर. रांगेतला चौथा, पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. "माफ कर बाबा," म्हटलं, आणि कोणत्या देवाला म्हटलं तेही बघितलं नाही.

चार स्क्रू निघाले. झाकण उघडलं. आत माझ्या पिनांवर चंदनाचा ओला ओघळ आणि त्याच्या वर, डब्याच्या आतल्या भिंतीवर, बोटाचा नीट गोल टिळा. वर कुंकवाचा ठिपका. न बघता, नुसत्या चाचपडत लावलेला, तरी मधोमध.

विश्वेशच्या औषधांतलं स्पिरिट घेतलं, कापसानं एकेक पिन पुसली. कापूस पिवळा निघत राहिला. टिळा पुसायला हात गेला आणि थांबला. तो कशालाच शिवत नव्हता. तेवढा ठेवला. उघड्या टोकांना स्लीव्ह नव्हती, आणायची कुठून? माझं लाल नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक पिनेवर जाड थर दिला. कारखान्यात कुणी बघितलं असतं तर मला घरी पाठवलं असतं. पंख्याखाली ते वाळेपर्यंत माझा जीव टांगणीला. फुंकर घालत होते, घड्याळ बघत होते, परत फुंकर.

सव्वातीनला झाकण लावलं. एक मिनिट मोजलं. शून्य. आणखी पाच मिनिटं मोजली. शून्य.

स्क्रू ड्रायव्हर परत चौथ्या जागी ठेवला. माझ्या घामानं त्याचं चंदन पुसलं गेलं होतं, म्हणून वाटीतलं बोटभर घेऊन नवं लावलं. मागं कॉटचा आवाज झाला. वळून बघितलं, तर कनकाम्मा भिंतीकडं तोंड करून तशाच होत्या.

चारला दार बंद झालं. बाहेर मी आणि त्या, दोघी फरशीवर. आतून विश्वेशचं इंग्रजी, मधे बटणांची टकटक. टकटक थांबली की माझा श्वास थांबायचा. गेलं का? पुन्हा डावीकडं गेलं का? मग पुन्हा टकटक. चाळीस मिनिटांची पन्नास झाली. कनकाम्मांच्या हातात जपाची माळ होती, पण मणी एकाच जागी.

"काय झालं होतं त्या डब्यास?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बावीस वर्षं वायरिंग करते. माझी चूक नसताना मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, आणि असतानाही फारसं नाही. "माझा सोल्डर अम्मा," मी म्हटलं. "मी घाई केली होती. टोकं उघडी ठेवली होती." यातलं अर्धं तर खरंच होतं.

त्यांनी माळ पदरात गुंडाळली.

दार उघडलं तेव्हा विश्वेश घामाघूम होता. "हात दाखवावे लागले," म्हणाला. "त्यांनी विचारलं, हा कंट्रोलर कुठल्या कंपनीचा. म्हटलं, माझ्या अण्णीचा." पुढं काय म्हणाले, तर म्हणे कळवतो. त्या 'कळवतो'त आमचा सव्वा तास गेला. सहाला मेल आला. सोमवारपासून तीन महिने काम बघणार, जमलं तर कायम. मी किंचाळले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, अगदी हुंदके देऊन. कनकाम्मांनी देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा. सगळं उचलायच्या आधी परत चंदन लावायचं असतं. कनकाम्मांनी रांगेत एकेक करत लावलं. पेन, शिट्टी, मीटर. चौथ्या स्क्रू ड्रायव्हरशी आल्या आणि त्यांनी तो उचलून बघितला. मुठीवर चंदन माझ्या बोटाचं होतं, आडवं, घाईतलं. आणि पात्याच्या खाचेत लाल नेलपॉलिशचा एक थेंब वाळलेला होता. मला तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

त्यांनी पदरानं तो थेंब पुसायचा प्रयत्न केला. निघाला नाही. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग उठून विश्वेशच्या खोलीत गेल्या, तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आल्या आणि रांगेत, आप्पांच्या पेनाशेजारी ठेवला. चंदनाची वाटी माझ्यापुढं केली. डोळे भरलेले, पण माझ्याकडं बघत नव्हत्या.

"आतां तूंच लाव," म्हणाल्या. "कुठं लावायचं, तुज ठाव आहे."

मी वाटी घेतली आणि झाकणावर, वरून, सगळ्यांना दिसेल असा टिळा लावला.