बिनविहिरीचं चाक

मित्रांनो, मी मोटेचं एक जुनं चाक आहे. विहिरीतून पाणी ओढताना नाडा ज्याच्यावरून पळतो, ते. चाकानं आयुष्यभर फिरावं. मी मात्र तरुणपणी कांदे सांभाळले.

झालं असं. कुरुंद्याच्या हळदीच्या मळ्यात वाढलेली गोजरबाई पुसेगावच्या तातेरावांना दिली. सासरचं रान कोरडं ठाक. तातेराव दर हिवाळ्यात विहीर खणायला घेत आणि खडक लागला की घरी येऊन झोपत. गोजरबाईला तर आपल्या रानात हळद लावायचीच होती. दिवाळसणाला बापानं विचारलं, "बाई, पाटल्या करू?"

"चाक करा."

"अन् विहीर?"

"चाक बघून होईल की!"

लखमा सुतारानं मला बाभळीतून घडवलं. मला फिरायची इतकी घाई, की गाडीतून येताना गाडीच्याच चाकांवर जळत आलो.

ओसरीवर, येता-जाता दिसेल असं तिनं मला टांगलं. तातेराव मला बघत आणि पहार उचलत. पुढं मी त्यांना दिसेनासा झालो. तिथंच होतो, मित्रांनो! पण माझ्यावर आधी त्यांचा फेटा आला, मग कांद्यांची जुडी, मग चिमणीचा संसार. पाहुण्यांना ते कौतुकानं सांगत, "खुंटी बराबर हाय न्हाई का?"

चिमणीची पिल्लं उडाल्यावर गोजरबाईनं मला दारात बांधलं, नवऱ्याच्या कपाळाच्या उंचीला. सकाळी टण्ण!

"हे इथं काहून टांगलं?"

"तिथं दिसून नव्हतं राहिलं तुमाला."

पठ्ठ्या वाकून जायला शिकला. मग मी त्यांच्या बाजेच्या उशाशी आलो, मग ताटासमोर पाटावर. वर्षं सरली. शेवटी निजामाचं राज्य गेलं. लखमा सुतार कुरुंद्याहून आला, तो दारातूनच म्हणाला, "तातेराव, राज हाललं, पन आमचं चाक जागचं हालंना!"

तातेराव ताटावरून उठले, मला रानात नेलं आणि अर्ध्या खणलेल्या खड्ड्यात लोटून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा फिरलो, तेही पडताना.

घरी गोजरबाईनं ताट उचलून ठेवलं होतं.

"चाक आलं की वाढते."

भुकेला माणूस खड्ड्यात उतरला. मला उचललं आणि थबकला. माझी एक कड ओली होती.

"आँ? हे ओलं काहून?" त्यांनी पाचोळा बाजूला केला. कोपऱ्यात खडकाच्या भेगेतून पाणी पाझरत होतं. कधीपासून, कोण जाणे. तिथं बघायला कुणी गेलंच नव्हतं. तातेराव रानभर ओरडले, "गोजरे, जेवण ऱ्हाऊ दे! पहार आण!"

त्याच भेगेवर विहीर झाली. मी कुरकुरत फिरलो, इतका की बैल वैतागले. हळदीची पानं गोजरबाईच्या कमरेला लागली.

आता मी झिजलोय. माझ्या कण्याला थेंबभर तेल घाला, एवढंच मागणं. आणि मनात काही धरलं असेल, तर ते डोळ्यासमोर टांगा. त्यावर कांदे आले, की जागा बदला.

ओसरीच्या दारात सध्या एक मोठं कुलूप लोंबतंय. हळदीची कोठी अजून बांधायची आहे. तातेराव पुन्हा वाकून चालतात.