सातव्या होलवरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे; पण शाळेतली नाही की आगगाडीच्या फलाटावरचीही नाही. मी राहते गोल्फच्या मैदानावर, सातव्या होलपाशी, म्हणजे चेंडू घालायच्या सातव्या खळग्यापाशी. इथून खाली निळेशार तळे दिसते. अहाहा! बघणाऱ्याचा वासलेला आ मिटतच नाही!

पण या जागेत एक गोम आहे. खेळाडू चेंडू मारतात टेकडीच्या अलीकडून आणि होल आहे पलीकडे. पलीकडे कोणी उभे आहे का, हे त्यांना दिसत नाही. म्हणून तर मी! आपले खेळून झाले की बाजूला व्हायचे आणि माझा एक टोल द्यायचा. मागच्यांना कळते, वाट मोकळी आहे. टोलामागून टोल पडू लागले, तर मात्र अर्थ उलटा: थांबा, धोका आहे!

मी भट्टीतून निघाले, तेव्हा ओतारीकाकांनी मला टिचकी मारून कान लावला. म्हणाले, "गळा गोड आहे हो पोरीचा!" त्या शाबासकीवर मी कित्येक वर्षे खणखणत राहिले. पुढे ज्याच्या त्याच्या हाती कॅमेऱ्याचे फोन आले. तळ्याचे फोटो काढण्याच्या नादात मला कोण विचारतो? माझी दोरी कुजून गळून पडली. पोटात कोळ्याने संसार थाटला.

एका सकाळी एक आत्या आणि तिची भाची खेळायला आल्या. भाचीची ही पहिलीच खेप.

"तळं नंतर बघ गं," आत्या सांगत होती, "आधी वारा कुठून येतोय ते बघ. आणि जोर लावू नकोस, काठी सैल हाताने फिरव."

बोलता बोलता दवाने ओल्या गवतावर आत्याचाच पाय घसरला. घोटा मुरगळला. ती होलजवळच मटकन खाली बसली. तिला उठताच येईना!

तेवढ्यात टेकडीमागून आवाज आला, "घंटा बंदच असते हो हल्ली. मारा बिनधास्त!"

माझा जीव टांगणीला लागला. भाची माझ्याकडे धावली. बघते तर दोरीच नाही! तिने हातातली काठी उगारली.

"एकच टोल नको देऊस, नाहीतर ते मारतील!" आत्या ओरडली. "थांबूच नकोस, वाजवत राहा!"

ठण! ठण! ठण! ठण! कोळ्याचे बिऱ्हाड उडाले, धूळ झडली. काय सांगू मित्रांनो, माझे अंग अंग थरारले! किती वर्षांनी मला कंठ फुटला होता!

टेकडीवरून एक जाडेसे गृहस्थ धापा टाकत आले. "अहो बाई, मी काठी उचलली होती! थोडक्यात वाचलात!" त्यांनी आत्याला हात दिला.

"थांबा," आत्या म्हणाली, "माझा चेंडू राहिलाय."

भाचीच्या खांद्यावर रेलून, एका पायावर उभी राहून तिने चेंडू हलकेच ढकलला. घरंगळत, घरंगळत... गेला की आत! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्याच दुपारी माळीबुवांनी मला नवी दोरी बांधली.

मित्रांनो, सुंदर जागी आलात की डोळे भरून बघा. पण आपले झाले की रेंगाळू नका. टेकडीमागे कोणीतरी थांबलेले असते. आणि माझ्या दोरीकडे अधूनमधून लक्ष द्या, एवढेच मागणे. अरे, चेंडू आला बघा कोणाचा तरी! सरका, सरका बाजूला!